नकाशातली कोरी जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चहा गाळताना ती दुपार आठवली. ड्रॉइंग ऑफिसातली. जेवणाची सुट्टी, सगळे बाहेर गेलेले, मी एकटी टेबलाशी. हे आले — तेव्हा ‘हे’ नव्हते, नुसते मोजणीवाले होते, बुटांना चिखल — आणि त्यांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा माझ्यापुढे पसरला. “वाऱ्यानं उडेल,” म्हणाले आणि एका कोपऱ्यावर आपला चहाचा कप ठेवला. दुसऱ्यावर माझा. तिसऱ्यावर दौत. चौथा कोपरा स्वतःच्या तळव्यानं दाबून धरला. मी वाचत होते, ते वाकून उभे. दोघांचाही चहा गार झाला. घडलं म्हणावं असं काहीच नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली!

मी ट्रेसर होते. मोजणीवाले रानावनातून पेन्सिलीचे नकाशे करून आणायचे, आम्ही ते शाईनं गिरवायचो. त्याआधी त्यांच्या मोजणीवहीशी ताडून बघायचं, आणि खाली सही — ‘तपासले’. त्या दुपारी वहीत एक जागा होती, ती नकाशात नव्हती. तीन बाजूंनी तिच्यावर रोख धरलेला, अंतरं लिहिलेली, पुढे एकच अक्षर — ‘दे’. नकाशात तिथे कोरं.

“इथे काय आहे?”

“देऊळ.”

“मग दाखवलं का नाही?”

म्हणाले, “नकाशात आलं की रस्ता येतो. रस्ता आला की पत्र्याची शेड येते. मग भोंगा.”

“आणि ज्याला जायचं असेल त्यानं काय करायचं?”

“त्याला कोणीतरी घेऊन जाईल.” मग कप उचलता उचलता — “तुम्हाला मी नेईन.”

मी सही केली. तेहतीस वर्षांच्या नोकरीतली एकच खोटी सही. कॉन्व्हेंटात वाढलेली मी, साधी थाप मारली तरी पोटात दुखायचं. त्या दिवशी नाही दुखलं.

हे सगळं आज आठवलं, कारण आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. हे एकटेच आत गेले. “तू बस, तुझा गुडघा,” म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनीच सांगितलं — उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्यात थोडं उरलंय. किती दिवस, सांगता येत नाही.

बसमध्ये मी खिडकीशी. हे शेजारी. आमचा थांबा यायच्या आधी ते म्हणाले, “देऊळ राहिलं गं.”

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. जायचं. त्यांच्या डाव्या डोळ्यात उजेड आहे तोवर त्यांना ते पुन्हा दाखवायचं. बदल्या झाल्या, बाळंतपण झालं, सासूबाईंचं आजारपण झालं, माझा गुडघा झाला. आता सबब उरलेली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती, चिमणीला घेऊन. चिमणी म्हणजे नात, नऊ वर्षांची, दिवसभर चिवचिव. लेकीला सांगितलं आणि घरात भूकंप!

“आई, तुला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं!”

“तिसऱ्यांदाही थांबेन.”

“बाबांना दिसत नाही, तुला चालवत नाही. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडं —”

“गोष्टीत पोचतात गं ते दोघं,” हे कोपऱ्यातून म्हणाले. लेक हसली, आणि मग रडली. माझ्यावर गेलीय.

“निदान नकाशा तरी आहे का?”

काय सांगणार! नकाशा आहे, बाळा. फार सुबक नकाशा आहे. तुझ्या आईनंच काढलाय. फक्त त्यात ते देऊळ नाही.

जावईबापूंनी फोनवर आकाशातून काढलेली चित्रं उघडून बघितली. गर्द हिरवं. झाडाला झाड लागलेलं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. “काही दिसत नाही,” म्हणाले. यांच्या चेहऱ्यावर काय समाधान! जसं काही स्वतः पांघरूण घालून आले होते त्याच्यावर.

चिमणी त्यांच्याशी पत्ते खेळली. नंतर माझ्या कानात — “आजी, आजोबा कच्चे आहेत. मी चौकटची राणी टाकून बदामची म्हटलं तरी त्यांना कळलं नाही.” मी म्हटलं, मुद्दाम जिंकू देतात तुला. आजोबा आहेत ना ते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरची ट्रंक उतरवली. शेजारीणबाईंनी खालून धरली, नाहीतर मीच ट्रंकेसकट खाली आले असते.

मोजणीवही सापडली! यांनी तेव्हा तिची एक नक्कल स्वतःसाठी ठेवली होती, तीच. कापडी पुठ्ठा, कोपरे कुरतडलेले. आत यांचं जुनं अक्षर, लहान, ताठ, पावसानं फुटलेली शाई. मी नुसता हात फिरवत बसले. चॅपलमध्ये रंगीत काचेतून उजेड पडायचा तेव्हा असं व्हायचं मला शाळेत. श्वास हळू घ्यावासा वाटायचा.

“वाच,” हे म्हणाले.

“तुम्हीच वाचा ना, भिंग देते.”

“तुझ्या आवाजात ऐकायचंय.”

वाचलं. पान एक्केचाळीस. इथे उतरून ठेवते, म्हणजे हाताला कळेल:

‘उत्तर कड्याच्या पोटात खोबण. रुंदी चौदा पावले, खोली नऊ. आत पिंडी. घडवलेली नाही, आपोआप आहे. वर कड्यावर वड, वय सांगता येत नाही. मुळे खाली उतरून जमिनीत गेलेली. तेच खांब, तेच छत. आत उजेड हिरवा. मागच्या कपारीतून पाणी, थेंब थेट पिंडीवर. दर अकरा सेकंदांनी एक. तीनदा मोजले.’

आणि खाली, मोजणीशी काही संबंध नसलेली एक ओळ — ‘इथे मोठ्याने बोलवत नाही.’

सव्वीस वर्षांचा एक माणूस, सोबतीला कोणी नाही, रानात घड्याळ काढून देवावर पडणारे थेंब मोजतोय. तीनदा! मी लग्न केलं ते याच माणसाशी, आणि मला हे पान आज कळतंय. तेव्हा मी नुसते आकडे ताडले होते. शब्द नव्हते वाचले.

वहीत कुठेही खोडरबर नाही. तो नियमच होता. मोजणीवहीत खोडायचं नाही. चूक असेल तर एका रेघेनं छेदायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर तांबड्या शाईनं बरोबर ते लिहायचं आणि दोघांनी सही करायची. मोजणाऱ्यानं आणि तपासणाऱ्यानं. एकट्याची दुरुस्ती धरत नसत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर डोक्यात एकच. अकरा सेकंद. नळ टपकत होता, त्याचे मोजले. चार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या ऑफिसात जाऊन आले. एकटीच. “तू जा, सही तुझी आहे,” म्हणाले.

ड्रॉइंग ऑफिसात टेबलं उरलेली नाहीत. सगळीकडे कॉम्प्युटर. नुसती माझ्या खिडकीची चौकट ओळखीची वाटली. तिथे बसलेली मुलगी लेकीहूनही लहान. “आजी, कागद आता कोणी बघत नाही. बसा, काढते,” म्हणाली. शिकवलेली दिसली पोर. आधी हात पुसले, मग कप्पा ओढला.

निघाला. माझा नकाशा. डोंगराच्या रेघा केसासारख्या बारीक, नदी, लोखंडी पूल, आणि कोपऱ्यात ‘तपासले’ — माझी सही, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनं घोटून घेतलेल्या तिरक्या वळणाची. आणि मधोमध ती कोरी जागा. बोटाच्या पेराएवढी. मला तर दुसरं काही दिसेना.

“त्या भागाचं नवं दाखवू?” मुलीनं पडद्यावर उघडलं. मी वाकून बघितलं. तिथेही कोरं! त्या एवढ्याशा तुकड्यात नवी मोजणी कोणी केलीच नाही म्हणाली, जुन्या नकाशावरूनच उतरवून घेतलंय. म्हणजे माझा तो कोरेपणा नकलेची नक्कल होत होत सगळ्यांच्या नकाशांत गेलाय. सगळ्या जगाला वाटतंय तिथे काही नाही, कारण एका दुपारी दोघांचा चहा गार झाला.

“इथे काहीच नाहीये ना, आजी?”

“काही नाही,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा.

पण गेले होते ते कामासाठीच. वहीतली सगळी पावलं लोखंडी पुलाच्या उत्तर टोकापासून मोजलेली आहेत, आणि तो पूल कधीच वाहून गेलाय! नवा पूल वरच्या अंगाला. दोन्हींतलं अंतर घेतलं, लिहून आणलं. मुलगी बघत राहिली. “तुम्ही पट्टी न लावता रेघ सरळ मारता!” म्हटलं, बाई, आयुष्यभर दुसरं काय केलंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटेचा नकाशा काढायला बसले. टाक धुतले, दौत उघडली. शाई वाळून खडा झालेली. नवी आणली.

पहिली रेघ थरथरली. दुसरीही. मग सिस्टरचं वाक्य आठवलं — रेघ मारताना श्वास कोंडायचा नाही, सोडत सोडत मारायची. सोडला. आली! केसासारखी आली. हात विसरला नव्हता, मीच विसरले होते.

हे डोळे मिटून खुर्चीत बसले आणि सांगत गेले. पुलापासून तीनशे वीस पावलं नदीच्या काठानं. मग उजवीकडे ओढा. ओढ्यातून वर, सहाशे दहा. तिथे दोन शिळा एकमेकींना टेकलेल्या, “मैत्रिणींसारख्या”. त्यांच्यामधून. मी वहीत ताडून बघत होते. एक आकडा चुकला नाही. एकही! चव्वेचाळीस वर्षं! काल काय जेवलो ते विचारा, सांगता यायचं नाही.

“एवढं पाठ कसं?”

“रोज जातो मी तिथे.”

मी टाक खाली ठेवला. “रोज?”

“झोप लागेपर्यंत. पुलापासून सुरू करतो. बहुतेक वेळा ओढ्यातच झोप लागते.”

चाळीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस. आणि मला वाटायचं, भिंतीकडे तोंड करून लगेच घोरतो!

२६ फेब्रुवारी, बुधवार

पॅसेजमध्ये चालण्याचा सराव. तेव्हाचं त्यांचं पाऊल तीस इंचांचं, आताचं एकवीस. सगळा हिशेब पुन्हा मांडला. हे घरात सारखं मोजत चालतात — पलंग ते दार सात, दार ते मोरी बारा. म्हटलं, परीक्षेला बसल्यासारखे काय करताय!

२ मार्च, रविवार

वाट दाखवणारी मिळाली. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत एक बाई आहे, रानातला मध काढते. जावईबापूंनी कुठून कुठून नंबर मिळवला. मी बिचकत बिचकत विचारलं, तिकडे एक खोबण आहे, आत —

“थेंबाचा देव?” फोनवरच उजेड पडल्यासारखा आवाज. “माझी आत्या दिवा लावायची तिथे. आता मी जाते अधूनमधून. तुम्हाला कुणी सांगितलं हो?”

“आमचे हे येऊन गेलेत. फार पूर्वी.”

“तापानं पडलेले? मोजणीचे? आत्या सांगायची! एक वेडा आला होता, देवाची नाडी बघत बसला होता म्हणून!”

हसू आवरेना. यांना सांगितलं तर कान लाल झाले. मग हळूच, “ताप होता खरा. तिनं सात दिवस पेज दिली.” इतक्या वर्षांत ताप सांगितला नव्हता. अजून काय काय कोऱ्या जागा आहेत या माणसात!

५ मार्च, बुधवार

भीती वाटते. लिहायला काय हरकत आहे, इथे कोण बघतंय.

वाटेची नाही. पोचलो आणि त्यांना दिसलं नाही तर? रोज पेपर घेऊन बसतात, भिंग धरून, पण पान उलटायचा आवाज येत नाही. सकाळी साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा उघडला. मी पुढे झाले तर “चव बघत होतो” म्हणाले.

विचारलं, “डावा कसा आहे?”

“चालतंय.”

दुसरीही एक गोष्ट आहे. मला देवळात काय करायचं ते नीट येत नाही. वडील म्हणायचे, देव मनात. शाळेत चॅपल. लग्नानंतर सासूबाईंच्या मागे उभी राहायचे, त्या करतील ते करायचे. डोळे मिटले की आपोआप शाळेतली प्रार्थना ओठांवर यायची आणि मी दचकायचे. एवढ्या जुन्या देवासमोर जाऊन मी म्हणणार काय?

यांना सांगितलं. म्हणाले, “काही म्हणू नकोस. तिथे सगळं आधीच म्हणून झालंय.”

८ मार्च, शनिवार

बांधाबांध. किल्ली आणि कुंड्या शेजारीणबाईंकडे. “तुळस रोज, निवडुंग अजिबात नाही,” म्हटलं, तर म्हणतात, “माझ्या नवऱ्यालाही असंच ठेवते मी.” गुडघ्याला पट्टा. काठ्या दोन. थर्मास. बिस्किटं. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळली.

भिंग ठेवायला गेले तर म्हणाले, “कशाला ओझं?”

“तिथे लागेल ना!”

“देव काय बारीक अक्षरात लिहिलाय?”

तरी ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

पायथ्याशी आलो. मधवालीच्या घरातली पुढची खोली दिलीय आम्हाला. खिडकीतून सगळा डोंगर दिसतो. संध्याकाळचं ऊन उतरत गेलं तसा तो निळा झाला, मग जांभळा, मग नुसता आकार. मी नकाशात याच्या रेघा काढल्या होत्या, किती उंच ते आकड्यांत लिहिलं होतं. खुळी! पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय उंची कळते का कुणाला.

यांनी खिडकीत बसून खोल श्वास घेतला. “तोच वास,” म्हणाले.

१२ मार्च, बुधवार

गेलो. पोचलो. परतलो. आज लिहवत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आता लिहिते. सावकाश.

सकाळी निघालो. मधवाली पुढे, मग मी, माझ्या खांद्यावर यांचा हात. खांदा धरणं बरं, म्हणाले, चढणीला तोल राहतो. मी म्हटलं, धरा. मला तर ते गोडच वाटलं.

ते पावलं मोजत होते, मोठ्यानं नाही, पण खांद्यावरच्या बोटांतून मला कळत होती. “आता डावीकडे पाणी ऐकू येईल,” म्हणायचे, आणि यायचं. “आता गार लागेल.” लागायचं. मैत्रिणींसारख्या शिळा तशाच टेकलेल्या. मधून जाताना दोन्हींवर हात ठेवला त्यांनी, गालाला लावावा तसा.

मी अकरा वेळा बसले. मधवाली दर वेळी, “बसा मावशी, देव कुठं पळून जात नाही.” हे काठीवर रेलून थांबायचे. एकदा फक्त, “लंगड्याला घेऊन चाललोय,” आणि हसले.

जंगल असं असतं मला ठाऊक नव्हतं. झाडं नव्हेच ती, माणसं होती. उंच, म्हातारी, आपापसात काहीतरी ठरवून गप्प राहिलेली. वरून उजेडाचे कवडसे. एक पाखरू एकच सूर लावायचं, थांबायचं, उत्तराची वाट बघायचं. उत्तर यायचं नाही. पुन्हा लावायचं. चॅपलमध्ये सगळ्या मुली गुडघ्यावर बसल्या की सुरुवातीला जी शांतता यायची, ती इथे मैलभर पसरलेली.

शेवटच्या चढाला एक प्रचंड ओंडका आडवा होता. माझ्या डोक्याच्या वर त्याची जाडी, अंगभर शेवाळ, त्यातून नवी रोपं उगवलेली. वळसा घालावा लागला.

“काय आहे?” हे म्हणाले. “इथे वळण नव्हतं.”

“ओंडका आहे, पडलाय.” मी म्हटलं.

मधवालीनं माझ्याकडे बघितलं. पुढच्या दगडाशी थांबली. “इथून पुढं तुमचं तुम्ही जा. मी बसते.”

दहा-बारा पायऱ्या, कोणी खोदलेल्या नव्हेत, पायांनी झालेल्या. आणि मग —

काय लिहू! कड्याच्या पोटात एक ओंजळ. काळा दगड, आणि त्या ओंजळीत आभाळातून सरळ ऊन ओतलेलं. हिरवं नाही. पांढरं, लख्ख, दुधासारखं. मधोमध पिंडी, ओली, काळीभोर, आणि तिच्यावर ते सगळं ऊन. माझे गुडघे आपोआप वाकले, दोन्ही, दुखणारासुद्धा. काय म्हणायचं याची काळजी होती ना? तोंडच उघडलं नाही.

मग भानावर आले. छत? मुळांचे खांब? वर बघितलं. कड्याच्या माथ्यावर उपटलेल्या मुळांचा खड्डा, बाकी नुसतं निळं. तो ओंडका! तोच तो वड. पडून वर्षं झाली असणार. पान एक्केचाळिसातलं निम्मं आता नव्हतं.

मी यांच्याकडे वळले. सांगणार होते. हळू, सांभाळून, त्यांना वाईट वाटू नये असं.

ते खोबणीच्या तोंडाशी उभे होते, एक हात अजून माझ्या खांद्यावर. चेहरा वर. दुसरा हात उचललेला, बोट त्या मोकळ्या आभाळाकडे. कुजबुजत म्हणाले —

“बघ. मुळं बघ. छत कसं पेललंय! आणि उजेड — हिरवा आहे ना?”

मला सगळं कळलं. एकदम, एका श्वासात. पेपरचं पान. चौकटची राणी. मीठ. सात पावलं, बारा पावलं. “तुझ्या आवाजात ऐकायचंय.” डावा डोळा नव्हताच. मी त्यांना दाखवायला आणत होते, आणि त्यांच्याकडे बघायला काही उरलेलंच नव्हतं. एवढा डोंगर ते चढले ते माझ्यासाठी. ‘तुम्हाला मी नेईन’ म्हणाले होते ना.

“हो,” मी म्हटलं. “हिरवा आहे.”

पोटात दुखलं नाही.

मग ते माझा खांदा सोडून एकटेच पुढे गेले. नऊ पावलं खोल, त्यांना पाठ होतं. आजच्या पावलांनी तेरा. पिंडीजवळ थांबले. उन्हात. किती तरी वेळ, चेहरा वर करून, न हलता. मला वाटलं, प्रार्थना करतायत.

तेवढ्यात टप्. थेंब.

मी मोजायला लागले. त्यांचे ओठही हलत होते. आठ, नऊ, दहा, अकरा —

टप्.

वड गेला, पूल गेला, आत्या गेली, आमची सगळी तरुणपणं गेली, आणि तो थेंब एका सेकंदानंही चुकला नाही! आम्ही तीनदा मोजला. मग पुन्हा तीनदा. मोठ्यानं बोलवलंच नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी चहा पिताना म्हणाले, “तो वड पडला ना गं?”

मी कप खाली ठेवला.

“पिंडीपाशी ऊन लागलं मला. सगळ्या तोंडावर. तिथे ऊन कुठलं यायला?” मग हळूच, “ओंडका तोच होता?”

“तोच. आणि तुम्हाला दिसत नाही ते कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून. सांगितलं असतं तर निघाली असतीस?”

“नसते.”

“मग!”

दोघंही हसलो. मग नाही हसलो. मग मी तांबडी शाई काढली. पान एक्केचाळीस: ‘वर कड्यावर वड’पासून ‘उजेड हिरवा’पर्यंत एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर — ‘वड नाही. ऊन आहे. थेंब कायम.’ मी सही केली. त्यांचा हात धरून जागेवर नेला. त्यांची सही ओळ सोडून खाली उतरलीय, पण त्यांचीच आहे. दुरुस्ती धरली जाईल.

लेकीसाठी इथेच लिहून ठेवते. आमच्यापैकी कोणीही आधी गेलं तरी असंच करावं.

भिंग डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात द्यावं, कोणाच्या तरी कामी येईल. यांचं मोजणीतलं होकायंत्र जावईबापूंना, ते बाजारातसुद्धा चुकतात. माझा चष्मा आणि वाटेचा नकाशा माझ्याबरोबर जाळावा. ऑफिसातल्या नकाशाला हात लावू नये. टाक आणि मोजणीवही चिमणीला, वाट तीतच आहे. आजोबा असतील तोवर तिनं ती त्यांना वाचून दाखवावी, आणि पत्ते खरे सांगावेत.

तिला वाट कोणी विचारू नये. तिनं नेलं तर जावं.